दुचाकीस्वाराचें पादत्राण

पायांत घालावयाच्या वस्तूवर एक सबंध लेख लिहावा, हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. डोक्याविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. खालीं वांकून पायाकडे पाहणारे थोडे. आम्हींही आयुष्याचीं साठाहून अधिक वर्षें तिकडे पाहिलें नव्हतें. गेल्या श्रावणांत आमच्या घरीं जें घडलें त्यानें पाहावयास भाग पाडिलें, आणि मग कित्येक महिने आम्ही या विषयाच्या मागें लागलों. त्या खटाटोपांत जें हातीं आलें तें, ज्यांच्या घरचीं मुलें रोज मोटारसायकलीवरून कामास जातात त्या गृहस्थांच्या व गृहिणींच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आरंभ शब्दापासून करूं. (छत्तीस वर्षें मुलांस शब्दांची फोड करून दाखविली, ती खोड आतां जाणें नाहीं.) पादुका, उपानह् आणि पादत्राण हे शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों. अमरकोशांत पहिले दोन शेजारीं शेजारीं बसले आहेत. परंतु तिसऱ्या शब्दांत जें त्राण आहे तें पहिल्या दोहोंत नाहीं. शिरस्त्राण डोकें राखतें, अंगुलित्राण बोटें राखतें, पादत्राण पाय राखतें; जें पाय राखीत नाहीं तें पायांत असलें तरी पादत्राण नव्हे. महाभारताच्या अनुशासनपर्वांत छत्री व वहाणा यांच्या उत्पत्तीची कथा आहे. जमदग्नि बाण सोडतो, रेणुका ते वेंचून आणिते. उन्हानें तिचे पाय व मस्तक पोळतें, तिला उशीर होतो, आणि ऋषि रागावून सूर्यावरच बाण रोखतो. तेव्हां सूर्य शरण येऊन छत्र व वहाणा देतो. म्हणजे वहाण जन्मली ती शोभेसाठीं नव्हे, चटका चुकविण्यासाठीं. प्रत्येक काळाचा चटका निराळा असतो, एवढेंच.

आमचें घर चिंचवडास, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून फार लांब नाहीं. आम्ही दोघे बंधु, आमच्या मातोश्री व मुलेंबाळें एकत्र राहतों. धाकट्या बंधूंचे चिरंजीव चाकणास एका कारखान्यांत अभियंते आहेत. ज्या चाकणचा भुईकोट १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाविरुद्ध जवळ जवळ दोन महिने लढविला, त्या चाकणाभोंवतीं आज मोटारींचे व मोटारसायकलींचे कारखाने पसरले आहेत, आणि भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल या वाटेनें पुणें-नाशिक रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ जो वाहनांचा लोंढा लोटतो त्यांत एक आमचा पुतण्या असतो. जाऊन येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. हा रस्ता ज्यांनीं पाहिला आहे त्यांस अधिक सांगावयास नको. ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांनीं सुखानें घरीं बसावें.

आमच्या पिढीनें पायाचा विचार केला नाहीं यास एक कारण आहे, आणि तें कारण आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, आकुर्डीस तयार होत असे. १९७२ सालीं निघालेली बजाजची चेतक स्कूटर नांव नोंदवून, वर्षानुवर्षें वाट पाहून ज्यांनीं घरीं आणिली, त्यांस आठवेल कीं तिचा गियर डाव्या हाताच्या मुठींत होता. पाय सपाट फळीवर ठेवलेले. पुढें गुडघ्यापर्यंत पोलादी पत्र्याचा आडोसा. उजव्या पायानें ब्रेक दाबणें एवढेंच पायाचें काम. चिखल उडे तो पत्र्यावर, धक्का बसे तोही बहुधा पत्र्यासच. आम्ही त्या स्कूटरवर चपला घालून शाळेस गेलों, भाजी आणिली, लग्नकार्यें केलीं, आणि पाय शाबूत राहिले. त्याचें श्रेय आम्ही आमच्या सावधपणास देत होतों; तें त्या पत्र्याचें होतें.

२००१ सालीं चाकणच्या कारखान्यांतून पल्सर निघाली, आणि मुलांचें मन स्कूटरवरून उडालें. पुढें केटीएमची ड्यूक तेथेंच होऊं लागली. २०२३ पासून इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीच्या नांवाची मोटारसायकलही तेथेंच तयार होते. मोटारसायकलीवर पायाचें काम अगदीं पालटतें. डाव्या पायाच्या चवड्यानें गियरचा दांडा खालीं दाबावयाचा, आणि पायाच्या वरच्या अंगानें तो उचलावयाचा. दिवसांतून शेंकडों वेळां. उजव्या पायाखालीं मागचा ब्रेक, त्याच्या शेजारीं तापलेली धुराड्याची नळी. दोन्ही पाय दोन बोटें रुंदीच्या पायदांड्यांवर टेंकलेले, गाडीच्या बाहेर, उघडे. गाडी आडवी झाली तर प्रथम जमिनीस लागणाऱ्या वस्तूंत स्वाराचा पाय असतो. यंत्र बदललें, परंतु घराच्या दारांतील चपलांची मांडणी जशीची तशी राहिली.

आतां श्रावणांतील ती संध्याकाळ. मोशीच्या अलीकडे वाहनें तुंबलीं होतीं. पाऊस भुरभुरत होता, पुतण्याची मोटारसायकल रांगेंत उभी होती. मागच्या एका मालवाहू टेंपोनें किंचित् पुढें सरकून तिला धक्का दिला. वेग म्हणाल तर चालत्या माणसाचा. गाडी डाव्या अंगावर गेली आणि तिच्याखालीं डावा पाय राहिला. सुमारें दीडशे किलोचें ओझें वर, डांबर खालीं, मध्यें घोटा. डोक्यावर उत्तम शिरस्त्राण होतें, त्यावर ओरखडाही उठला नाहीं. पायांत कापडी बूट होते. कारखान्यानें दिलेले पोलादी टोपीचे भक्कम बूट कारखान्यांतील कपाटांत होते! दिवसभर ते घालून पाय अवघडतात, म्हणून सुटी होतांच ते काढून हलके बूट चढवावयाचे, असा तेथील पुष्कळ तरुणांचा रिवाज आहे. यंत्रापाशीं, जेथें पर्यवेक्षकाचा डोळा असतो, तेथें पाय सुरक्षित; आणि रस्त्यावर, जेथें कोणाचाच डोळा नसतो, तेथें कापडांत.

घोट्याचें हाड दोन ठिकाणीं मोडलें. पट्टी व स्क्रू बसवावे लागले. अकरा आठवडे घरांत कुबडीचा आवाज ऐकूं येत होता, आणि बंधु, जे एरवीं बोलके, ते जेवतांना गप्प असत. शस्त्रवैद्यांनीं एक गोष्ट सांगितली ती आम्ही त्यांच्याच मापानें येथें देतों: हाड चिरडून नव्हे तर पाऊल बाजूस पिळवटून मोडलें, घोटा धरून ठेवणारा ताठ बूट असता तर कदाचित् मुरगळण्यावर भागलें असतें. त्यांनीं कदाचित् हा शब्द दोनदां उच्चारला.

कायदा या बाबतींत मुका आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या १२९ व्या कलमानें दुचाकीस्वारास शिरस्त्राण सक्तीचें केलें. २०१९ सालीं सुधारलेला कायदा अमलांत आला तेव्हां चपला घालून गाडी चालविणारास दंड होणार, अशी आवई उठली होती. केंद्रीय वाहतूकमंत्र्यांच्या कार्यालयानें असा नियमच नाहीं असें जाहीर करून ती खोडून काढिली, आणि लोक पुन्हां निश्चिंत मनानें चपलांत शिरले. डोक्याचें नशीब मोठें. टी. ई. लॉरेन्स हा इंग्रज १९३५ सालीं मोटारसायकलीच्या अपघातांत मरण पावला. त्यास पाहणाऱ्यांत ह्यू केर्न्झ नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते, आणि त्यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून शिरस्त्राणाचा शास्त्रीय पुरस्कार सुरू झाला. पाय मोडल्यानें माणूस सहसा मरत नाहीं. म्हणून पाय मागें राहिला.

पुतण्या बरा झाल्यावर त्याच्या एका मित्रानें त्यास शर्यतीच्या मोटारसायकलस्वारांचे बूट घेवविले. नडगीपर्यंत उंच, जागोजाग कठीण प्लास्टिकची कवचें, घोट्याशीं बिजागरी. संरक्षण म्हणून त्यांत नांव ठेवावयास जागा नव्हती. परंतु ते घालून चालणें म्हणजे लांकडी पायांवर चालणें. कारखान्याच्या फाटकापासून त्याच्या विभागापर्यंत दहा मिनिटांची चाल. मध्याह्नीं भोजनगृहाचा जिना. परततांना घरीं लागणारें दूध नि औषधें. पंधरा दिवसांत ते बूट जिन्याखालच्या फळीवर जाऊन बसले आणि कापडी बूट पुन्हां पायांत आले. तें पाहून बंधूंचा संताप अनावर झाला. आमचें मत निराळें पडलें. मुलाचा दोष थोडा, निवडीचा अधिक. जो बूट रोज घातला जात नाहीं तो कितीही उत्तम असला तरी त्याचें संरक्षण जिन्याखालच्या फळीस मिळतें. आणि आमच्या मुलांचे अपघात लडाखच्या मोहिमेवर होत नाहींत. ते मोशीस, मंगळवारीं, सायंकाळीं सहास होतात.

तेव्हां स्वारीस चालेल आणि दिवसभर पायांतही राहील असा एकच जोडा पाहिजे. ही इच्छा नवी नाहीं. आपल्याच देशांत जोधपुराकडील पोलो खेळणाऱ्यांनीं घोट्याइतक्या उंचीचा, पट्ट्यानें आवळावयाचा जो बूट रूढ केला तो जोधपुरी बूट म्हणून जगभर गेला. तो घोड्यावरही चाले आणि मेजवानीसही. अमेरिकेंत कारखान्यांत व इंजिनांवर काम करणाऱ्यांसाठीं बिननाडीचे उंच बूट निघाले होते, ते मोटारसायकलस्वारांनीं उचलले, आणि १९५३ सालच्या 'द वाइल्ड वन' या चित्रपटानंतर ती एक ऐटीची वस्तु होऊन बसली. कामगाराचा बूट स्वारानें घ्यावा आणि स्वाराचा बूट शौकिनानें, हा क्रम आज चाकणासही पाहावयास मिळतो.

पण निवडावा कसा? येथें आमचें सारें पुस्तकी ज्ञान थांबलें. आमच्यासारख्या घरांतून चामड्याविषयीं जें अज्ञान आहे त्याचें कारण उघड आहे. पिढ्यान् पिढ्या आपण चामडें वापरीत आलों, परंतु त्यास व तें कमावणारास उंबऱ्याबाहेर ठेवीत आलों. मग ज्ञानही उंबऱ्याबाहेरच राहिलें यांत नवल काय? चिंचवड स्टेशनाजवळ बसणारे एक वृद्ध चर्मकार कारागीर आहेत. त्यांच्याकडे आम्ही इतकीं वर्षें छत्री नि चपला दुरुस्तीस टाकिल्या, पण पांच मिनिटें बसून कधीं कांहीं विचारलें नव्हतें. या वेळीं बसलों. त्यांनीं आमच्यापुढें स्टूल सरकवून प्रथम हेंच म्हटलें, "गुरुजी, बूट वरून बघूं नका. आंत हात घाला."

त्यांच्यापाशीं तीन-चार सायंकाळीं जें शिकलों तें सर्व सांगत बसलों तर हा अंक पुरणार नाहीं. चामड्यावर आंगठा दाबला कीं अस्सल कातडीवर बारीक सुरकुत्या सभोंवार फुटतात आणि आंगठा काढतांच विरतात. वर प्लास्टिकचा लेप दिलेल्या मालावर नुसता खळगा पडतो. कातडीचा वरचा थर काढून घेतल्यावर जो खालचा भुसभुशीत थर उरतो त्यावर लेप चढवून तोही 'लेदर' म्हणूनच विकितात. शब्द खोटा नाहीं, पण डांबरावर घासला गेला तर तो थर दम धरीत नाहीं. सोल नुसता चिकटविलेला, म्हणजे त्यांच्या भाषेंत पेस्टिंगचा, कीं शिलाईचा, हें कडेला नख घालून पाहावें. शिलाईचा सोल झिजला तर तो उसवून नवा घालतां येतो. पेस्टिंगचा बूट सोलाबरोबरच संपतो. शिवण कोठें आहे, हेंही पाहावें. बुटाच्या बाहेरच्या अंगास, जो भाग पडतांना घांसतो तेथें, एकेरी शिवण असेल तर ती प्रथम जाते आणि मग चामडें चांगलें असून उपयोग नाहीं; तेथें दुहेरी टांका हवा, नाहींतर तेथें शिवणच नको.

याहून महत्त्वाची परीक्षा त्यांनीं जुना बूट हातांत घेऊन करून दाखविली. एका हातांत टांच, दुसऱ्या हातांत चवडा धरून, ओलें धोतर पिळावें तसा बूट पिळावयाचा. सहज पिळला गेला तर गाडीखालीं सांपडल्यावर पाऊलही तसेंच पिळलें जाणार. पुतण्याचे कापडी बूट आम्हीं घरीं जाऊन पिळून पाहिले. ते खरोखरीच धोतरासारखे पिळले. त्यानंतर टांचेचा मागचा भाग दोन बोटांत दाबावा. तो दबतां कामा नये. चवड्यावर आंत कठीण टोपी असावी, पण इतकी जाड नसावी कीं गियरच्या दांड्याखालीं शिरणारच नाहीं. आणि उंची: घोट्याचीं दोन्ही बाजूंचीं उंचवट्याचीं हाडें पूर्ण झांकून बूट निदान दोन-तीन बोटें वर गेला पाहिजे, व त्या हाडांवर आंतून गादी असली पाहिजे. घोट्याच्या खालीं संपणारा बूट कितीही महाग असो, आमच्या लेखीं तो चपलेचा सावत्र भाऊ.

येथें एक प्रश्न घरांत निघालाच: मग कारखान्याचेच बूट घालून गाडी कां चालवूं नये? त्या बुटांचें मानक निराळ्या संकटासाठीं केलेलें आहे. भारतीय मानक १५२९८, भाग २, याप्रमाणें त्यांची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते. म्हणजे सुमारें २० किलोचें वजन एक मीटर उंचीवरून बोटांवर पडलें तरी बोटें वांचावीं. पोलादी टोपी वांकून बोटें कापील, अशी एक भीति तरुणांत आहे. परंतु जो भार ती टोपी वांकवील त्यानें टोपी नसलेल्या बुटांतील बोटांचें काय केलें असतें, याचा विचार करावा. खरी उणीव दुसरी आहे. कारखान्याचे पुष्कळसे बूट घोट्याखालीं संपतात, त्यांचा जाड चवडा गियरखालीं अडतो, आणि नाडी लोंबते. तरी कापडी बुटापेक्षां ते शतपट बरे. ज्यास दुसरा जोडा परवडत नाहीं त्यानें कारखान्याकडे घोट्यावर जाणारा नमुना मागावा आणि तो घालूनच घरीं यावें.

मोटारसायकलस्वाराच्या बुटाचें मानक युरोपांत आहे. त्याचा क्रमांक ई. एन. १३६३४. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या चांगल्या जोड्यांच्या आंत जिभेवर त्याचें लहानसें लेबल शिवलेलें असतें व त्यावर मोटारसायकलस्वाराचें चित्र असतें. २०१७ च्या आवृत्तीप्रमाणें चित्राखालीं चार आंकडे येतात, प्रत्येक १ किंवा २: पहिला उंचीचा, दुसरा घासण्यास टिकण्याचा, तिसरा कापलें न जाण्याचा, चौथा आडवें चेंपलें न जाण्याचा. आकड्यांशेजारीं आय. पी. ए. हीं अक्षरें असलीं तर घोट्यावरील गादीचीही परीक्षा झाली आहे असें समजावें. आमच्या मतें रोजच्या बुटांत चौथा आंकडा अधिक पाहावा. कारण शहरांत वेग थोडा, घासणें थोडें, पण गाडी अंगावर पडणें नित्याचें. पुण्यांतील एका दुकानांत आम्हीं त्या लेबलाविषयीं विचारलें, तेव्हां विक्रेता आमच्याकडे असा पाहूं लागला कीं जणूं आम्हीं त्याची जन्मपत्रिका मागितली. त्यानें सुचविलेल्या जोड्यावर 'रायडिंग बूट' असें सोनेरी अक्षरांत छापलेलें होतें. आंत लेबल नव्हतें. पिळला तर सहज पिळला. आम्ही उठलों.

नाडीविषयीं स्वतंत्र लिहिलें पाहिजे. सुटलेल्या नाडीचा फांस गियरच्या दांड्यांत किंवा पायदांड्याच्या टोंकांत अडकतो. गाडी थांबते, स्वार पाय टेंकूं पाहतो, पाय येत नाहीं, आणि तो उभ्या गाडीवरून आडवा होतो. यासाठीं नाडीच्या बुटास वरून झांकणारा पट्टा असावा, नाहींतर गांठ मारून टोंकें बुटांत खोंचावींत. आम्हीं मात्र आंतल्या बाजूनें चेन असलेलाच जोडा घ्यावा असा आग्रह धरिला, आणि त्याचें कारण गाडीशीं नव्हे, घराशीं आहे. युरोपांत सकाळीं चढविलेला बूट रात्रीं उतरतो. आपल्याकडे दारांत, देवळांत, शेजाऱ्यांकडे, कारखान्याच्या पूजेस, दिवसांतून पांच-सहा वेळां तो काढावा लागतो. दहा भोंकांतून नाडी ओंवणारा बूट अशा संस्कृतींत आठ दिवसही टिकणार नाहीं. तिसऱ्या दिवशीं कोणीतरी नाडी न सोडतां टांच चिरडून पाय घालूं लागेल. तसेंच बाजूस रबरी इलॅस्टिकचे जे ऐटदार बूट मिळतात त्यांपासून सावध राहावें. ज्यांत पाय इतक्या सहज जातो त्यांतून अपघातांत तो सहज निघतोही, आणि मग रस्त्यावर बूट एकीकडे व पाय दुसरीकडे असा प्रकार होतो. बूट आवळून बांधल्यावर दुसऱ्यानें टांच धरून ओढून पाहावें.

जोडा सायंकाळीं विकत घ्यावा. दिवसभराच्या श्रमानें पाय थोडा फुगलेला असतो. जे मोजे रोज घालतां तेच घालून पाहावा. पुढें बोटांस जागा हवी, मागें टांच उचलतां कामा नये. दुकानदाराच्या गालिच्यावर चार पावलें टाकून होकार देऊं नये. जिना उतरून पाहावा, उकिडवें बसून पाहावें, आणि शक्य तर दारांत उभ्या केलेल्या स्वतःच्या गाडीवर बसून गियर वर-खालीं करून पाहावा. चवडा किंचित् जाड वाटला तर गियरचा दांडा थोडा वर करून घेतां येतो. गॅरेजवाल्यास तें पांच मिनिटांचें काम आहे. सोलास वेगळी टांच असावी म्हणजे पायदांड्यावर पाय मागेंपुढें सरकत नाहीं. खांचा असाव्यात, पण ट्रॅक्टरच्या चाकासारख्या नव्हेत. कारखान्याच्या आवारांत तेल सांडलेलें असतें, म्हणून तेलास न विरघळणारें रबर पाहावें.

पावसाळ्याचा प्रश्न आमच्याकडे सुटलेला नाहीं. आंत जलरोधक पडदा असलेले बूट पावसांत पाय कोरडे ठेवतात हें खरें, पण वरून विजारीवाटे पाणी शिरलें तर तें बाहेरही येऊं देत नाहींत, आणि वैशाखांत त्यांत पाय उकडून निघतो. जाळीचे हवेशीर बूट उन्हाळ्यांत सुखाचे, घसरल्यावर दुःखाचे. पुतण्यानें साधा, पडदा नसलेला, चामड्याचा जोडा पसंत केला व पावसासाठीं वरून चढवावयाचें रबरी आवरण घेतलें; आम्हीं मान डोलाविली. भिजलेला बूट चुलीपाशीं किंवा उन्हांत वाळविला कीं चामडें तडकतें. त्यांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो सावलींत ठेवावा, दोन तासांनीं बोळे बदलावेत, आणि वाळल्यावर मेणाचें पॉलिश चोळावें. पॉलीयुरेथेनचे हलके सोल दमट हवेंत वर्षानुवर्षें नुसते पडून राहिले तर आपोआप कुजून त्यांचा भुगा होतो. तेव्हां असे बूट जपून डब्यांत ठेवूं नयेत. जिन्याखालचे ते शर्यतीचे बूट आम्हीं याच कारणासाठीं एका शर्यती करणाऱ्या मुलास देऊन टाकिले.

अखेर घेतलेला जोडा काळा, साधा, घोट्याच्या वर चार बोटें जाणारा आहे. विजार वरून सोडली कीं चारचौघांत कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. आंत लेबल आहे, चौथा आंकडा २ आहे. किंमत साडेदहा हजार रुपये. आंकडा ऐकून बंधूंनीं डोळे मिटले. आम्हीं पाटीवर मांडून दाखविलें: वर्षांतून तीनशें दिवस, तीन वर्षें, दिवसाचे बारा रुपयेही होत नाहींत. मधल्या वेळचा चहा याहून महाग आहे. आणि त्या घोट्याचें रुग्णालयाचें देयक आमच्या टेबलाच्या खणांत अजून आहे. तें आम्हीं मुद्दाम बाहेर काढिलें नाहीं. पहिले तीन आठवडे बूट चावला. घरीं पायांस मोजे घालून रात्रीं ओसरीवर फेऱ्या मारावयाच्या, असा नेम पुतण्यानें केला, आणि मग चामडें वळणावर आलें.

एक अडचण राहिली होती ती मातोश्रींची. त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि चामडें उंबऱ्याच्या आंत येऊं द्यावयाचें नाहीं हा त्यांचा नियम आमच्या जन्माच्या आधींपासूनचा. ओसरीवर ठेवलेले बूट पहिल्याच वळवानें भिजले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं नातवास हांक मारून विचारलें, "अरे, त्या बुटांनीं पाय वांचतो ना?" तो म्हणाला, "हो आजी, डॉक्टरांचें तरी तसें म्हणणें आहे." त्यावर कांहीं न बोलतां त्यांनीं जिन्याखालची फळी पुसून घ्यावयास सांगितली. तेव्हांपासून बूट आंत आहेत. स्वयंपाकघराचा उंबरा मात्र अद्याप त्यांच्या हद्दींत आहे.

हा लेख येथें संपावयाचा होता. परंतु मसुदा वाचून पुतण्याच्या पत्नीनें विचारलें, "काका, यांत माझे बूट कोठें आहेत?" ती भोसरीस नोकरी करिते व गियर नसलेल्या स्कूटरवरून जाते, आणि आजच्या पुष्कळ स्कूटरींचा पुढचा आडोसा पोलादाचा नसून प्लास्टिकचा असतो, हें आम्हांस तिनेंच दाखविलें. इतके महिने घरांत घोट्याची चर्चा चालली असतां दुसऱ्या घोट्याचें नांव आमच्यापैकीं कोणीही काढिलें नव्हतें. तिला घेऊन आम्ही तीन दुकानें हिंडलों. तिच्या पायास पांच क्रमांक लागतो. बहुतेक नमुने पुरुषांच्या सांच्यावर बेतलेले, सहापासून सुरू होणारे. एकानें सहाचाच जोडा दोन मोजे घालून वापरा असें सुचविलें. तिनें तो घालून जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून दाखविल्या. टांच प्रत्येक पायरीस वर येत होती. पांच क्रमांकाचा जोडा दुकानदारानें मागविला आहे. तो येईपर्यंत ती कार्यालयाच्या कामासाठीं मिळालेले संरक्षक बूट घालूनच जाते, आणि संध्याकाळीं ते घालूनच परत येते.